कापून नेलेला शेवट

वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचं सतरावं पान तुम्ही कधी नीट बघितलंय? बघा एकदा. कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका असेल, नाहीतर फुली, नाहीतर नखाएवढं फूल. हे पुस्तक आपण आधी वाचलंय की नाही, हे पन्नास पानं वाचूनही ज्यांना आठवत नाही, अशा माणसांनी स्वतःसाठी ठेवलेली ती खूण असते. सतरावंच पान का, हे सोळा वर्षं हा धंदा करूनही मला कळलं नाही. आमच्या एका पैलवान सभासदाची खूण म्हणजे त्या दिवशी मारलेल्या जोरांचा आकडा. एका रहस्यकथेवर त्यानं 'जोर पाचशे' लिहिलं होतं आणि त्याखाली दुसऱ्या कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'खोटं.'

या खुणा खोडणं हे माझं काम. कोल्हापुरात मी फिरतं वाचनालय चालवत होतो. दुकान नाही, खोली नाही. सायकल हेच वाचनालय. हँडलला दोन्हीकडं कापडी पिशव्या आणि मागं कॅरिअरवर पत्र्याची पेटी. सोमवारी मंगळवार पेठ, मंगळवारी शनिवार पेठ, बुधवारी राजारामपुरी. बाहेरगावच्या माणसाला हे सांगताना माझाच गोंधळ व्हायचा. दारात घंटी वाजवायची, जुनं पुस्तक घ्यायचं, नवं द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण कुणाला काय द्यायचं हे ओळखणं म्हणजे डॉक्टरकीच होती. सासूला रडवणारं हवं, सुनेला हसवणारं हवं, आणि सासऱ्याला 'काहीतरी वैचारिक' हवं असायचं, म्हणजे झोप लागेल असं. दिवाळीनंतरचे चार महिने तर आमचा हंगाम. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी, त्यामुळं अंकांवर अशा उड्या पडायच्या की चांगल्या अंकासाठी शेजारणी-शेजारणींत अबोला धरला जायचा.

आता माझा गुन्हा सांगतो. मी चोरून लिहीत होतो.

आठवड्याला दोन-अडीचशे पुस्तकं ज्याच्या हाताखालून जातात त्याला कधीतरी वाटतंच, की हे तर आपल्यालाही जमेल. मलाही वाटलं. चार वर्षं कथा लिहिल्या, चार वर्षं त्या परत आल्या. आमच्या घरी टपाल आलं की बायको पाकिटाचं वजन हातानंच बघायची आणि म्हणायची, "तुमचंच हाय. जड हाय." आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी एका छोट्या दिवाळी अंकानं माझी एक कथा छापली. नाव घेतलं होतं 'विरागी'. सकाळी मिसळ आणि संध्याकाळी पुन्हा मिसळ खाणाऱ्या माणसानं हे नाव घ्यायला नको होतं, पण घेतलं.

कथा शेवंता नावाच्या बाईची. ती इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात कामाला, नवरा पिऊन मारतो, ती दोनदा माहेरी जाते, दोनदा परत येते, आणि शेवटी केस मोकळे सोडून पंचगंगेच्या डोहाकडं चालत जाते. हा शेवट लिहिताना मी स्वतः रडलो होतो. इचलकरंजीचा माझा अभ्यास म्हणाल तर कारखान्यासमोरच्या टपरीवर बसून प्यायलेले दोन चहा. आत गेलोच नाही. आतून आवाज येत होता तेवढ्यावर भागवलं.

एरवी अशा बारक्या अंकाची मी एक प्रत घ्यायचो. या अंकाच्या सहा घेतल्या. नामांकित अंक पेटीच्या तळाशी दडवून मी लोकांना हाच पुढं करायचो. "हा बघा, यंदा फार चांगला निघालाय," असं निर्लज्जपणे सांगायचो. लोक मुखपृष्ठ बघायचे, माझ्याकडं बघायचे आणि संकोचानं घ्यायचे.

पण घेतला म्हणजे वाचला असं नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून मी एक युक्ती केली. सहाही अंकांत माझ्या कथेच्या तिसऱ्या पानावर शिवणाचा एकेक पांढरा दोरा ठेवला. पान उलटलं की दोरा पडणार, म्हणजे मला कळणार. ही युक्ती मी आमच्याच एका रहस्यकथेतून उचलली होती.

पहिला अंक परत आला. दोरा जागेवर. दुसरा आला, दोरा जागेवर. तिसऱ्या घरातल्या गृहस्थांनी तर आपणहून सांगितलं की कथा फार आवडल्या, विशेषतः त्या विरागींची. मी रस्त्यात सायकल थांबवून अंक उघडला. दोरा होता तसा, अगदी सरळ. जानेवारी संपेपर्यंत पाच अंक बावीस घरं फिरून आले आणि पाच दोरे पाच पानांवर शांत झोपलेले होते.

त्या रविवारी मी सगळ्या कथांचं बाड सुतळीनं बांधलं आणि बायकोला सांगितलं, माळ्यावर टाक, आता लिहिणं बंद. मला वाटलं ती काही म्हणेल. ती म्हणाली, "माळ्यावर उंदीर हायत." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पिठाच्या डब्यावर ठेवते." आणि तिथं ठेवलं. मी दोन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. सुतक माझंच होतं आणि पाळत होतो मीच, त्यामुळं कुणाला फारसं कळलंही नाही.

सहावा अंक राहिला होता. तो राजारामपुरीतल्या देशपांडे काकींकडून येऊन पुढं मंगळवार पेठेत सुमन कांबळेंच्या गिरणीत गेला होता.

सुमनताईंची पिठाची गिरणी. नवरा पालिकेत, गिरणी हिच्या जिवावर. स्विचबोर्डच्या वर बुद्धाची तसबीर, तिच्यावरसुद्धा पिठाचा हलका थर. दारात डब्यांची रांग, प्रत्येक डब्याचा नंबर हिच्या डोक्यात. धान्य वरच्या नरसाळ्यात ओतलं की ते खाली सरेपर्यंत जी चार-पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात ही बाई वाचायची. सातवी शिकलेली. आठवड्याला दोन पुस्तकं. माझ्या अडीचशे सभासदांत तिच्याइतकं कुणीच वाचत नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तिच्याकडून आलेलं पुस्तक झटकल्याशिवाय पुढच्या घरी देता यायचं नाही.

त्या सोमवारी घंटी वाजवली तर तिनं अंक दिलाच नाही.

"अंक काय मिळायचा न्हाय," ती म्हणाली. "आधी ह्यातला शेवट आणा."

कसला शेवट म्हणून मी अंक घेतला. दिवाळी अंकांची एक खोड असते. कथा मधेच तोडून 'उर्वरित भाग पान २१२ वर' असं छापतात. माझी कथाही तशीच तोडलेली होती. पान दोनशे बारा जागेवर नव्हतं. कात्रीनं सरळ, व्यवस्थित कापलेलं. आणि तिसऱ्या पानावरचा दोरा? तोही नव्हता.

अंक घेऊन मी रांगेतल्या डब्यांच्या मधे उभा, आणि मला नाचावंसं वाटत होतं. माझ्या कथेचा शेवट नाही म्हणून अडून बसलेलं एक माणूस जगात आहे.

पान कुणी कापलं ते बुधवारी कळलं. देशपांडे काकींना विचारलं तर त्यांनी लाजतबिजत डब्यातून कात्रण काढलं. मागच्या बाजूला चिरोट्यांची कृती होती. "अहो, मागे काय होतं ते मी बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी नदीकडे चाललं होतं वाटतं. पण चिरोटे मात्र छान झाले हो." आणि मला दोन दिले. खरंच छान झाले होते. माझ्या शेवटाचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

पण त्या आधी, सोमवारीच, मी जो शहाणपणा केला तो सांगायला हवा. दुसऱ्या प्रतीतून पान आणून द्यायचं सोडून मी म्हणालो, मी वाचलीय ती कथा, सांगतो शेवट. आणि गिरणीच्या आवाजावर ओरडून, हातवारे करत, केस मोकळे सोडलेली शेवंता डोहापर्यंत नेली. सुमनताई ऐकत होती. संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"कुठला हाय ओ हा लेखक?"

मी गडबडलो. "पुण्याचा," म्हणालो. "मोठा माणूस आहे."

"आसंल मोठा. मागाच्या खोलीत पाय तरी ठिवलाय का त्यानं?"

मी त्या मोठ्या माणसाची बाजू घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. म्हणालो, लेखकाला कल्पनाशक्ती असते. ती म्हणाली, आसू दे की, कल्पनाशक्तीला आत यायला कुणी बंदी केली न्हवती. मग पुढच्या सोमवारी तिनं माझ्या हातात एक बंद पाकीट दिलं. वर लिहिलेलं, 'लेखक विरागी, पुणे.' पत्ता शोधून टाका म्हणाली.

स्वतःला आलेलं पत्र स्वतःच्याच पिशवीत घालून मी रंकाळ्यापर्यंत कसाबसा गेलो आणि कट्ट्याला सायकल टेकवून ते फोडलं. ते पत्र अजून माझ्याकडं आहे. त्यातला मधला भाग देतो:

'लग्नाआधी सहा वर्षं मी इचलकरंजीत मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, म्हणून लिहिते. तुमचा मुकादम शेवंताच्या कानात हळूच बोलतो. मागाच्या खोलीत हळूच कोण बोलत नाही, ओरडलेलं पण ऐकू येत नाही. आम्ही ओठ बघून बोलायचो. तुमच्या शेवंताचा पदर वाऱ्यावर उडतो. पदर असा सोडून मशीनजवळ उभी राहिली तर एका दिवसात हात जाईल. आणि ती नदीवर जाणार नाही. मार खाऊन दोनदा माहेरी चालत गेली आणि दोनदा आपल्या पायानं परत आली, असं तुम्हीच लिहिलंय. एवढं चालणारी बाई पाण्यात कशाला जाईल? तिला सकाळची पाळी आहे. हे रागानं लिहीत नाही. शेवंता माझ्या ओळखीची झाली म्हणून लिहिते. ती मेलेली मला चालणार नाही.'

सुरुवातीला 'सुमन कांबळे यांचा जय भीम', आणि शेवटी 'चुकलं असेल तर माफ करा.'

चार वेळा वाचलं. त्या वर्षी मी समीक्षेची दोन जाड पुस्तकंही वाचली होती, घेणारं कुणी नव्हतं म्हणून. एवढ्या सरळ शब्दांत, पात्राच्या स्वभावातून शेवट कसा चुकला हे त्यांत कुठं सांगितलेलं नव्हतं. 'असं तुम्हीच लिहिलंय.' या तीन शब्दांनी तिनं मला माझ्याच कथेत पकडलं होतं.

घरी जाऊन बायकोला दाखवलं. तिनं कणीक मळता मळता वाचलं आणि म्हणाली, "माणसानं एवढं लिवलंय, तर उत्तर नको द्यायला?" पिठाच्या डब्यावरच्या बाडाकडं ती न बघितल्यासारखं करत होती, पण बघत होती.

मग मी विरागी म्हणून उत्तर लिहिलं. अक्षर ओळखू नये म्हणून डावीकडं झुकवून लिहिलं. शाई बदलली. पुणेरी वाटावं म्हणून दोन ठिकाणी 'आपला अभिप्राय मननीय आहे' घातलं. आभार मानले आणि कळवलं की प्रस्तुत लेखकानं आता लेखनसंन्यास घेतला आहे. पाकीट बंद केलं, आणि 'पुण्याहून माझ्या पत्त्यावर आलं' असं सांगून सोमवारी तिच्या हाती दिलं. चेहरा इतका कोरा ठेवला होता की गाल दुखायला लागले.

सुमनताईनं पत्र वाचलं. उलटून पाहिलं. परत सुलटं केलं आणि वरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"पुण्यात बी मी सत्त्याऐंशी नंबरच व्हय ओ दादा?"

आमच्या धंद्यात कागद हातात आला की आधी उजव्या कोपऱ्यात सभासदाचा नंबर टाकायचा, मग पुढचं. कार्ड असो, चिठ्ठी असो, पावती असो. सोळा वर्षांची सवय, अजूनही हात थांबत नाही. परवा भाचीच्या लग्नपत्रिकेवर माझ्याकडून एकशे तीन पडला. तर त्या पुणेरी पत्रावर विरागींनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ८७.

रांगेतल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. पळून जावं म्हटलं तर सायकलच्या पुढं कुणीतरी ज्वारीचा डबा ठेवलेला. ती हसेल असं वाटलं. हसली, पण थोडंच. मग मला आपादमस्तक न्याहाळलं. "लेखक कधी बघितला न्हवता," म्हणाली. "सायकलीवरनं येतोय व्हय."

मी म्हणालो की लेखक वगैरे काही नाही, आता लिहिणं बंदच केलंय, पत्रात लिहिलंय ते खरं आहे.

"बंद म्हंजे?" तिनं नरसाळ्यात ओतायला घेतलेला डबा खाली ठेवला. "शेवंताला पाण्यात ठिवून बंद? तिला आधी भाईर काढा. मग काय बंद करायचं ते करा."

तिनं हिशेबाच्या वहीचं पान फाडलं, इचलकरंजीतल्या तिच्या भावाचं, भारतचं नाव आणि गल्ली लिहून दिली आणि म्हणाली, जाऊन बघून या, मग लिवा.

गेलो. भारत एका कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. त्यानं मला आत सोडलं. आत गेल्या गेल्या मी जोरात 'नमस्कार' म्हणालो. माझा मलाच ऐकू आला नाही. जमीन चपलेतून थरथरत होती. पन्नास माणसं आणि एकाचंही तोंड वाया हलत नव्हतं. कोण कुणाला बोटं दाखवून सांगतंय, कोण लांबून नुसते ओठ हलवतंय, आणि पलीकडचा हसतोय. पंधरा मिनिटांत माझ्या भुवयांवर कापसाची लव बसली. खिशातली वही काढून मी मागाजवळ वाकलो, तर कांड्या घेऊन जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं थांबून माझा लोंबणारा मफलर धरला, दोन वेढे देऊन शर्टात खोचला, माझ्या छातीवर एक चापट मारली आणि निघून गेली. एक शब्द नाही. माझ्या कथेत जो पदर मी वाऱ्यावर उडवला होता, तो तिनं माझ्याच गळ्यात असा खोचून दिला.

मी तीन वेळा गेलो. आणि पिठाच्या डब्यावरचं बाड सोडलं.

आज वाचनालय नाही. दोन हजारच्या पुढं घराघरांत दुपारीसुद्धा मालिका लागायला लागल्या. दारातून 'आज नको, राहिलंय वाचायचं' असं ऐकू यायला लागलं, मग 'या महिन्यापासून नको.' मी भांडलो नाही कुणाशी. हळहळ एवढीच वाटते की इतकी वर्षं मी सतराव्या पानावरच्या खुणा खोडत राहिलो. प्रत्येक खूण म्हणजे इथपर्यंत एक माणूस आलं होतं याचा पुरावा, आणि मी रबर घेऊन बसायचो. नंतरच्या काळात माझी तीन पुस्तकं निघाली. समारंभ झाले, नारळ मिळाले. पण लेखक म्हणून मला कुणी नेमलं असेल तर ते एका पिठाच्या गिरणीत, आणि ती हकिगत सांगून थांबतो.

नवी कथा लिहून झाली ती उन्हाळ्यात. सोमवारी सुमनताईकडं कागद घेऊन गेलो, म्हटलं वाचा. तिचे दोन्ही हात पिठाचे. "तुमीच वाचा की," म्हणाली, "ऐकते."

गिरणी चालू, पट्टा फटफटतोय, आणि मी वाचायला लागलो. ओरडून. ती नरसाळ्यात धान्य ओतत होती, खाली पिठाखाली हात धरून जाडंबारीक बघत होती, आणि मधे मधे माझ्या तोंडाकडं बघत होती. दोन पानं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ओरडतोय ते फुकट. ती माझे ओठ वाचतेय. मी आवाज उतरवला. ती बरोबर जागी मान हलवत होती. मुकादम लांबून ओठांनी शेवंताला काहीतरी बोलतो तिथं ती थांबली आणि तिनं खालचा ओठ दातात धरला.

रांगेतल्या लोकांना मात्र काहीच कळत नव्हतं. एक खाकी टोपीवाले गृहस्थ बाजरीचा डबा घेऊन उभे होते, त्यांना पन्हाळ्याची गाडी गाठायची होती. ते दोनदा म्हणाले, आवरा ओ बाई. एक बाई विचारत होती, काय वाचाय लागलाय ह्यो?

तेव्हा सुमनताई वळली आणि तिनं मोटार बंद केली.

गिरणी चालू असताना धान्य मधे ठेवून मोटार बंद करत नाहीत. दगडात दाणे अडकतात, परत सुरू करताना पट्टा घसरतो. हे तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं. पट्टा फिरत फिरत थांबला. गल्ली एकदम शांत झाली.

"आता पयल्यापास्नं वाचा," ती म्हणाली. "ह्यास्नी बी ऐकू दे."

मी पहिल्यापासून वाचलं. शेवटी शेवंता रात्री मार खाऊन अंगणात बसते, उजाडायच्या आत उठते, पदर खोचते आणि पाळीला जाते. मागाच्या खोलीत शिरताना शेजारीण ओठांनी विचारते, काय झालं? आणि ती ओठांनी काहीतरी सांगते. काय ते मी लिहिलेलं नव्हतं. खाली 'समाप्त' लिहिलं होतं. तेही वाचलं.

सुमनताई डोळे पुसत होती की पीठ, ते मला कळलं नाही. मग ते बाजरीवाले गृहस्थ, ज्यांची पन्हाळ्याची गाडी केव्हाच गेली होती, म्हणाले, "समाप्त कसं? काय सांगितलं तिनं? नवऱ्याकडं परत गेली का न्हाय ती?"

"गेली आसंल की," मागची बाई म्हणाली.

"कशाला जाईल? खोली घेतली आसंल मैत्रिणीजवळ."

"ओ लेखक, तुमी सांगा."

मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडं तोंड करून सात-आठ माणसं उभी, आणि खरंच ठाऊक नव्हतं. सुमनताईनं स्विचवर हात ठेवला.

"ते फुडल्या सोमवारी," तिनं रांगेला सांगितलं. "डबं फुडं घ्या."

मोटार सुरू झाली, पट्टा दोनदा घसरला आणि लागला. मी सायकलला टांग मारली आणि तडक घरी येऊन लिहायला बसलो. त्या दिवशी मंगळवार पेठेतल्या पुढच्या अकरा घरांना पुस्तकं मिळाली नाहीत. त्यांची माफी मी अजून मागितलेली नाही.